बारा मार्च, सकाळी आठ, रीतसर

फेब्रुवारी लागला की आमच्या शेजारच्या खोलीतला जना सोनू न्हाणीत शिरून, बादलीवर ताल धरून आपल्या देशाचं राष्ट्रगीत म्हणायला लागायचा. म्हणेना बापडा, आपलं काय जातं? पण ते चालू असताना बाहेर जो कोणी असेल त्यानं सावधानमध्ये उभं राहायचं, असा त्याचा नियम होता. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या त्या पाच खोल्यांच्या ओळीत न्हाणी एक आणि तिच्या पलीकडे संडास एक. सकाळी सहा वाजता हातात टमरेल आणि पोटात कळ घेऊन एका परक्या देशाच्या सन्मानार्थ ताठ उभं राहणं काय असतं, ते मी तीन वर्षं भोगलं आहे. न्हाणीच्या पत्र्याच्या दाराला एक भोक होतं. मी जरा चुळबुळ केली की आतली बादली थांबायची आणि आवाज यायचा, "सिंदी, तू हलून राह्यला. पुन्हा पह्यल्यापासून."

सिंदी म्हणजे मी. आमचं घर सिंदी रेल्वेजवळ, बाप शेतकरी, आणि मी बी.एस्सी. करायला वर्ध्याला आलेलो. मी त्याला मॉरिशस म्हणायचो, तो मला सिंदी म्हणायचा. दोन देशांमध्ये बरोबरीचं नातं असावं, असं त्याचं म्हणणं होतं.

तो खरोखरच मॉरिशसचा होता. पणजोबा कोकणातून ऊस तोडायला म्हणून गलबतात बसले ते तिकडचेच झाले. चौथ्या पिढीतला हा जनार्दन सोनू भारत सरकारची शिष्यवृत्ती घेऊन, पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन वर्ध्याला उतरला. आमच्या कॉलेजात परदेशी विद्यार्थी येणार ही बातमी आधीच फुटली होती. पोरांनी शर्टांना इस्त्र्या केल्या होत्या, दोघांनी तर इंग्रजीत काय बोलायचं ते पाठ केलं होतं. आणि रिक्षातून उतरला कोण, तर काळासावळा, कुरळ्या केसांना खोबरेल चोपडलेला, हिंगणघाटच्या एस.टी.तून उतरला असता तर कंडक्टरनं वळून पाहिलं नसतं असा गडी.

"हा तं आपलाच हाय!" कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हिरमुसले होऊन पांगले.

हेच त्याचं दुःख होतं. आम्ही सगळे त्याच्याशी चांगलं वागायचो, पण कोणी त्याला परदेशी मानायलाच तयार नव्हतं. नाव जनार्दन, तोंडात मराठी, गणपतीची आरती तर आमच्यापेक्षा जास्त कडवी पाठ. मग परदेश कुठला? पानाच्या ठेल्यावरचा माणूस विचारायचा, "मॉरिशस म्हंजे मोर्शीच्या आंगाले काय?" मोर्शी आमच्याकडचंच एक गाव. तो न चिडता सांगायचा, "नाई जी. हिंदी महासागरात आहे. बेट आहे." पानवाला "असन बाप्पा" म्हणून चुना लावायचा.

आला तेव्हा त्याची मराठी आजोबांच्या पोथीतली होती. पहिल्या दिवशी आमच्या खानावळीत येऊन तो वच्छलाबाईंना म्हणाला, "माते, भोजन सिद्ध आहे काय?" वच्छलाबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच वीस पोरांचं जेवण रांधत, त्यांना आयुष्यात असं कोणी बोललं नव्हतं. त्या मला हळूच म्हणाल्या, "हे कोन्या मठातलं पोरगं आनलं गा?" सहा महिन्यांत त्याच पोराला त्यांनी असं काही बदललं की तो ताट पुढे करून "मावशी, तर्री टाक ना वो, काऊन हात आखडून राह्यली?" म्हणायला लागला. ते ऐकून तर पानवाल्याची पक्की खात्री पटली की मोर्शीचाच आहे.

म्हणूनच की काय, त्यानं आपली खोली म्हणजे आपल्या देशाची वकिलात करून टाकली होती. दारात चप्पल काढायची, वहीत नाव, गाव आणि येण्याचं कारण लिहायचं, मग आत यायचं. माझं कारण रोज एकच असायचं, "वाती संपल्या, स्टोव्ह पाहिजे." तेही तो वाचून, खाली सही करून मगच स्टोव्ह द्यायचा. भिंतीवर त्यानं स्वतः काढलेला जगाचा नकाशा होता. कॉलेजच्या नकाशात त्याचा देश माशीनं घाण केल्याएवढा, आणि त्यावरही नेमकी घडी पडलेली. यानं तो चांगला लाडवाएवढा काढला होता. शेजारी हिंदुस्थान जेमतेम पापडाएवढा. मी म्हटलं, "अबे, हे प्रमाणात नाही." तो म्हणाला, "तुह्या देशाले जागेची काय कमी आहे? थोडी दे ना."

त्याचा लाडका शब्द 'रीतसर'. दाढी रीतसर, पत्र रीतसर, भांडणसुद्धा रीतसर. एकदा खोलीमालकाशी पाण्यावरून वाद झाला तर यानं आधी अर्ज केला, त्यात वादाचे चार मुद्दे लिहिले आणि मग वेळ ठरवून जाऊन भांडला.

पहिल्या वर्षी बारा मार्च जवळ आला. तो त्यांचा स्वातंत्र्यदिन. यानं प्राचार्यांना अर्ज दिला की कॉलेजच्या खांबावर आमचा झेंडा एक तासापुरता लावू द्यावा. परक्या देशाचा झेंडा म्हटल्यावर प्राचार्यांनी अर्ज वर पाठवला. तिथून तो आणखी वर गेला. माझ्या माहितीप्रमाणे अजून चढतोच आहे. दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. यानं वच्छलाबाईंचा कपडे वाळवायचा बांबू मागितला, आमच्याच अंगणात खड्डा खणला, आणि कागदावर मापं काढून गजभिये टेलरकडे गेला.

गजभिये म्हणजे नाक्यावरचे शिंपी. पन्नाशीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आसपासच्या शाळांचे झेंडे उसवले की त्यांच्याकडेच यायचे. विजयादशमीला दीक्षाभूमीवर न्यायचे पंचशील झेंडेही तेच शिवत. त्यामुळे लाल, निळं, पिवळं कापड त्यांच्या पेटीत होतंच, हिरवं तेवढं कोणाच्या तरी चोळीतून उरलेलं निघालं. मॉरिशसच्या झेंड्यात वरून खाली लाल, निळा, पिवळा, हिरवा असे चार सारखे आडवे पट्टे, बास. एवढं सोपं काम.

अकरा तारखेला दुपारी आम्ही झेंडा आणायला गेलो. गजभियेंनी घडी उलगडली. पट्टे अगदी मापात होते. आणि बरोबर मध्यभागी, अर्धं निळ्यावर अर्धं पिवळ्यावर, पांढऱ्या दोऱ्यानं भरलेलं चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र होतं.

मला हसू आवरेना. मॉरिशसचा चेहरा मात्र पाहवत नव्हता.

"गजभियेजी, हे काय?"

"चक्र हाय," गजभिये शांतपणे म्हणाले. "तू कागदावर काढाले इसरला होता. म्या आपल्याकून घातलं."

"आमच्या झेंड्यात चक्र नाई."

"नाई कसं? चक्राबिगर झेंडा म्हंजे बटनाबिगर सदरा."

"हा दुसरा देश आहे जी!"

"असन ना. चक्र कोन्या एका देशाचं हाय काय? थे तं धम्माचं हाय," गजभिये म्हणाले, आणि पुन्हा मशीन चालवायला लागले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

मॉरिशस ब्लेड घेऊन खोलीत बसला आणि त्यानं एकेक टाका उसवत चोवीसच्या चोवीस आरे काढले. मी म्हटलं, "राहू दे ना, इथं कोणाला कळतंय?" तो मान वर न करता म्हणाला, "मले कळते ना." दोरा निघाला, पण सुईची भोकं राहिली. पाणी शिंपडून इस्त्री केली तरी ती बुजेनात. सकाळी झेंडा वर गेला आणि पाठीमागून ऊन आलं, तेव्हा त्या भोकांतून ते चक्र जसंच्या तसं उजेडाचं दिसायला लागलं. त्यानं ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

त्या पहिल्या समारंभाला हजर कोण? मी, वच्छलाबाई, आपलं चक्र का उसवलं याचा जाब विचारायला आलेले गजभिये, आणि मालकाची एक बकरी. वर्ध्यात मॉरिशसचा दुसरा नागरिक नसल्यामुळे सगळी कामं यालाच करायची होती. यानं आधी सूत्रसंचालक म्हणून जाहीर केलं की प्रमुख पाहुणे थोड्याच वेळात येत आहेत. मग फाटकाबाहेर गेला, टाय बांधला आणि प्रमुख पाहुणे म्हणून आत आला. वच्छलाबाईंनी झेंडूचा हार घातला, शिवाय बांबूला हळदकुंकू लावलं. मग यानं दोरी ओढली, एकट्यानं राष्ट्रगीत म्हटलं, इंग्रजीतून भाषण केलं, आणि शेवटी पाहुण्यांनी वेळात वेळ काढल्याबद्दल त्यांचे आभार मानले. पाहुण्यांनी मान तुकवली. मग सगळ्यांना बुंदी वाटली. बकरीलाही दिली.

"किती वाजले?" त्यानं मला विचारलं.

"आठ वाजून वीस मिनिटं."

"तिकडं सात वाजायचेत. सगळ्या जगात पह्यला झेंडा वर्ध्यात लागला, सिंदी. लिहून ठेव."

मी म्हटलं, लिहून ठेवतो. मला बुंदी आणखी पाहिजे होती.

दुसऱ्या वर्षी नेमकी मार्चात निवडणूक आली. भिंती रंगलेल्या, जीपवर भोंगे, जिकडे तिकडे पताका. बारा तारखेला सकाळी आमच्या अंगणात बांबूच्या बुडाशी बांधून ठेवलेला चार रंगांचा झेंडा बघून रस्त्यानं जाणारा एक हवालदार सायकल टेकवून आत आला. प्रचाराच्या दिवसात त्याचं डोकं आधीच फिरलेलं असणार.

"हा कोन्या पक्षाचा झेंडा हाय?"

"पक्ष नाई जी, देश आहे," मॉरिशस म्हणाला.

"उमेदवार कोन?"

"उमेदवार कोनीच नाई."

"मंग हे बाई काऊन उभी हाय?" हवालदारानं वच्छलाबाईंकडे बोट केलं.

"मी कायले उभी राहू गा?" वच्छलाबाई कडाडल्या. "मले वीस पोराइचा सैपाक पडला हाय. झेंड्यासाठी उभी हाय मी!"

"निशानी काय?" हवालदारानं वही काढली.

आता मी मधे पडणार होतो, पण घड्याळात आठ झाले. मॉरिशसला आठ म्हणजे आठ. त्यानं हवालदाराला हातानंच थांबवलं, दोरी ओढली आणि राष्ट्रगीत सुरू केलं. आणि मग एक गंमत झाली. हवालदाराच्या टाचा आपोआप जुळल्या. वही बगलेत गेली, हात टोपीला लागला. गाणं कोणाचं, झेंडा कोणाचा, हे त्याला काही ठाऊक नव्हतं, पण वीस वर्षांच्या नोकरीत झेंडा वर जाताना हात खाली ठेवायची सवयच नव्हती. गीत संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग बुंदी खाल्ली, मिशी पुसली आणि विचारलं, "पुढच्या साली केव्हा आहे?"

"बारा मार्च, सकाळी आठ," मॉरिशस म्हणाला. "रीतसर."

"येतो," हवालदार म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

आता खरं सांगायचं तर या सगळ्याचा मला मनातून कंटाळा आला होता. मी जन्माचा आळशी. वर्षातून एक दिवस ठीक आहे, पण त्याआधी महिनाभर टमरेल धरून उभं राहायचं, खड्डा खणायचा, बुंदी आणायची, आणि वर दर वर्षी ऐकायचं की मी हललो. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारी संपत आला तेव्हा मी ठरवूनच टाकलं होतं की यंदा बाराला गावी निघून जायचं. बापाला बरं नाही, असं सांगणारही होतो.

आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मॉरिशसला कावीळ झाली. डोळे, नखं, सगळं पिवळंजर्द. त्याला मोठ्या दवाखान्यात भरती केलं. मी रोज वच्छलाबाईंनी दिलेला मऊ भात आणि उसाचा रस घेऊन जायचो. तो पेला हातात घेऊन म्हणायचा, "पहा सिंदी. पणजोबा ऊस तोडाले तिकडं गेले, अन् मी तिकडून इथं येऊन ऊस पिऊन राह्यलो."

दहा तारखेला त्यानं डॉक्टरांना अर्ज दिला. रीतसर. विषय : देश साजरा करण्याकरिता एक दिवसाची रजा मिळण्याबाबत. डॉक्टर मोठे सज्जन होते. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, हसले आणि खाली लाल शाईनं लिहिलं, 'नामंजूर. उसाचा रस चालू ठेवावा.' मॉरिशसनं ते वाचलं, कागदाची चार वेळा घडी केली आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, "अरे, एक वर्ष नाही झालं तर काय बिघडलं? तिकडे तुझ्या देशात होणारच आहे ना."

त्यानं कांबळं गळ्यापर्यंत ओढलं. मग भिंतीकडे बघतच म्हणाला, "सिंदी, एक गोष्ट सांगतो. कोनाले सांगू नको. घरी असताना मी एकदाबी झेंड्याले गेलो नाई."

मला वाटलं कावीळ डोक्यात गेली.

"खरंच सांगून राह्यलो. शाळेतून बोलवत. मी पोटात दुखते म्हणून झोपून राहो, नाई तं समुद्रावर जाऊन मासोळ्या धरो. सुट्टीचा दिवस, कोन जाईन सकाळी सकाळी? तिकडं माह्याबिगर झेंडा वर जाते. मी झोपलो तरी जाते." तो वळला. पिवळ्या डोळ्यांत पाणी होतं. "इथं तसं नाई ना. तुम्ही सगळे मले आपलाच म्हणता. मायेनं म्हणता, मले समजते. पण मी आपलाच झालो, तं जिथून आलो थे कुठं गेलं? माही माय, आमचं घर, समुद्र? इथं पह्यले दोन महिने मले झोप नाई आली, समुद्राचा आवाज नाई म्हणून. मंग रेल्वेच्या आवाजाची सवय केली. इथं मी झेंडा नाई लावला तं त्या दिवशी वर्ध्यात मॉरिशस होतच नाई. वर्ध्यात मी एकटाच मॉरिशस आहे, सिंदी."

मला स्वतःची लाज वाटली. तीन वर्षं मी या माणसाची टिंगल केली, त्याच्या नकाशाला हसलो, आणि दोन दिवसांनी खोटं बोलून गावी पळणार होतो. रिकामा डबा घेऊन बाहेर पडलो आणि सरळ नाक्यावर गजभियेंकडे गेलो. आयुष्यात मी एवढ्या भराभर कधी चाललो नसेन.

अडचण एवढीच होती की झेंडा त्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, आणि किल्ली त्याच्या करदोट्याला. मागितली असती तर सगळं कळलं असतं. तेव्हा झेंडा नवा पाहिजे होता. गजभियेंनी हातातली पँट बाजूला टाकली. मी रंग सांगितले, वरून खाली, दोनदा. आणि मग बजावलं, "गजभियेजी, चक्र नाही."

"ऐकलं," ते म्हणाले.

"चक्र घालायचं नाही."

"ऐकलं ना बाप्पा."

"तो आजारी आहे. त्याला त्रास होईल."

गजभिये सुईत दोरा ओवत होते. मग त्यांनी मशीनला पाय लावला.

बारा तारखेला सकाळी पावणेआठला आम्ही दवाखान्याच्या मागच्या अंगणात जमलो. त्याचा वॉर्ड तळमजल्यावर होता आणि खिडकीसमोर एक कडुनिंब होता. बांबू बघून दवाखान्याचा चौकीदार आडवा आला, पण तेवढ्यात आमचे हवालदारसाहेब सायकलवरून उतरले. वर्षभरापूर्वी दिलेला शब्द त्यांनी पाळला होता. आधी ते पिपरीला जाऊन आले होते, तिथून वच्छलाबाईंना कॅरिअरवर बसवून आणलं होतं. वच्छलाबाईंच्या मांडीवर न्हाणीतली बादली होती.

"हे कशाला?" मी विचारलं.

"बादलीबिगर थे गानं होते काय?" त्या म्हणाल्या.

तेही खरंच. शब्द आम्हाला कोणालाच नीट येत नव्हते. चाल मात्र तीन फेब्रुवारी भिंतीपलीकडून ऐकून अंगात मुरली होती, बादलीच्या ठोक्यांसकट. गजभिये सगळ्यांत शेवटी आले. झेंड्याची गुंडाळी त्यांनी माझ्या हातात दिली नाही. स्वतःच दोरीला बांधली.

आठ वाजले. मी खिडकीशी जाऊन हाक मारली, "मॉरिशस, प्रमुख पाहुणे म्हणून यावं, अशी विनंती आहे."

तो उठून बसला. खांद्यावर दवाखान्याचं कांबळं, केस विस्कटलेले. खिडकीचे गज धरून उभा राहिला आणि त्यानं बाहेर पाहिलं. बांबू पाहिला, वच्छलाबाईंना पाहिलं, हवालदाराला पाहिलं, बादली पाहिली.

मी दोरी ओढली. झेंडा वर गेला आणि उघडला. लाल, निळा, पिवळा, हिरवा, सगळं मापात. आणि मधोमध, पहिल्या वर्षापेक्षा मोठं आणि रेखीव, पांढऱ्या दोऱ्याचं चक्र.

मी गजभियेंकडे पाहिलं तर ते समोर बघत ताठ उभे. आता थांबणं शक्य नव्हतं. वच्छलाबाईंनी बादलीवर थाप मारली आणि आम्ही गायला लागलो. काय गायलो ते आम्हालाच ठाऊक. इंग्रजी शब्द वच्छलाबाईंच्या तोंडात आरतीसारखे होत होते, हवालदार फक्त शेवटचं अक्षर धरत होते, आणि गीत कुठे संपतं हे कोणालाच नक्की माहीत नसल्यामुळे आम्ही एकदा संपवून पुन्हा सुरू केलं. वॉर्डातल्या ज्या रोग्यांना उभं राहता येत होतं ते उभे राहिले. मी एकटक खिडकीकडे बघत होतो. आता तो म्हणणार, पुन्हा पह्यल्यापासून.

गीत संपलं. तो गज धरून तसाच उभा होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. पुसायचं त्याला सुचलं नाही.

"सिंदी," तो म्हणाला.

"काय?"

"आज तू हलला नाई."

मी हातातली दोरी बांबूला बांधली. मग गजभिये पुढे झाले. खिशातून कागदात गुंडाळलेलं ब्लेड काढून खिडकीच्या चौकटीवर ठेवलं आणि म्हणाले, "चक्र म्याच घातलं. या पोरानं नाई म्हनलं होतं. तुहा झेंडा खराच हाय, पन थो इथं तीन साल आमच्याजवळ राह्यला, आमची काई निशानी नको काय त्याच्यावर? तुले नको असन तं आता इथंच उसवून देतो."

मॉरिशसनं वर पाहिलं. वारा होता, झेंडा चांगला फडफडत होता.

"राहू द्या, गजभियेजी," तो म्हणाला. "चांगलं झालं."

वच्छलाबाईंनी बुंदी वाटली. त्याला पथ्य असल्यामुळे त्याच्या वाटची मी खाल्ली.

जूनमध्ये तो पास होऊन निघाला. वर्धा स्टेशनवर आम्ही सगळे होतो. मुंबईची गाडी यायला दहा मिनिटं असताना त्यानं फलाटावरच पेटी उघडली, तळातून एक घडी काढली आणि माझ्या हातात दिली. पहिल्या वर्षीचा झेंडा होता तो, भोकांचा.

"हा तुह्यापाशी ठेव. बारा मार्च, सकाळी आठ."

"आणि तू?"

"माह्याजवळ चक्राचा आहे. मी पंधरा ऑगस्टले लावीन."

"अबे, काऊन? तिकडे तर तू आपल्या घरी असशील. मग झेंडा कोणासाठी लावतोस?"

त्यानं पेटीला कुलूप घातलं, किल्ली करदोट्याला बांधली. मग म्हणाला, "तिकडं सगळेच मॉरिशस आहेत, सिंदी. वर्धा मी एकटाच राहीन."

गाडी आली, तो गेला. वच्छलाबाई रडल्या, मीही रडलो. गजभिये चष्मा पुसत बसले.

आता मी सिंदीलाच असतो. सकाळी लवकर उठायचं माझ्या जिवावर येतं, अजूनही. पण बारा मार्चला मी अंगणात बांबू रोवतो आणि आठच्या ठोक्याला तो झेंडा वर नेतो. पाठीमागून ऊन आलं की चोवीस आरे दिसतात. रस्त्यानं जाणारे विचारतात, कोणाचा हो हा झेंडा? मी त्यांना थांबायची खूण करतो. बायको न्हाणीतून बादली आणून देते, मी चाल धरतो, आणि गीत संपेपर्यंत हलत नाही.